चाकाची खीळ

यवतमाळ शहराला लागून लोहारा नावाचे गाव आहे. लोहारा नावाची गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत. धाराशिव जिल्ह्यात तर याच नावाचा तालुका आहे. पण आज आपण बोलतो आहोत ते आपल्या यवतमाळजवळच्या लोहाऱ्याविषयी. नाव उच्चारले की भाता, ऐरण आणि घण डोळ्यांपुढे उभे राहतात. आज या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत आहे, आणि रस्त्यावरून दिवसभर ट्रक, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या धावत असतात. कुणाच्या ट्रॉलीत कापूस, कुणाच्या सिमेंट, तर कुणाच्या ट्रॉलीत निंदणाला निघालेल्या आयाबाया. या सगळ्या ओझ्याचा आणि या सगळ्या जिवांचा भार शेवटी कशावर असतो? चार-सहा नटांवर आणि दोन-चार बोल्टांवर. आजचे माझे भाषण या एवढ्याशा वस्तूंच्या इतिहासाविषयी आहे.

इतिहास म्हटला की आपण राजे, लढाया आणि तह आठवतो. ते योग्यच आहे. पण राजाचा रथ असो की कुणब्याची बंडी असो, चाक आसावर टिकले तरच ती पुढे जाते. चाक फिरले पाहिजे, आणि फिरता फिरता निसटता मात्र कामा नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत बघा. घट्ट बसवावे तर फिरत नाही, सैल ठेवावे तर निघून जाते. माणसाने हा पेच कसा सोडवला, ही मोठी मनोरंजक हकीकत आहे.

सिंधू संस्कृतीच्या गावांत मातीची खेळण्यातली गाडी सापडते, हे शाळेतल्या पुस्तकात आपण वाचलेले असते. आपल्या महाराष्ट्रातही तसा एक अमोल पुरावा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला एक रथ. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. त्यावर उभा राहून एक माणूस बैल हाकतो आहे. त्याची चाके भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. विद्वानांत काळाविषयी वाद आहे, पण पुष्कळांच्या मते हे काम सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे बैल, जू, आस आणि चाक ही जोडणी आपल्या मातीत इतकी जुनी आहे.

वेदकाळी रथाला आऱ्यांची चाके आली. आसाच्या टोकाला चाक अडवून धरणारी जी खीळ असते, तिला ऋग्वेदात ‘आणि’ असा शब्द आहे. आपण दोन शब्द जोडताना ‘आणि’ म्हणतो, तो मात्र निराळ्या मुळाचा. पण दोन्हींचे काम जोडून ठेवण्याचे, हा योगायोग मोठा गोड आहे. अध्यात्म रामायणात तर या खिळीवर सगळे रामायण घडते. देवासुरांच्या युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ तुटून पडली. राजाला लढाईच्या धुंदीत ते कळले नाही. कैकेयीला कळले. तिने खिळीच्या भोकात आपला हात घातला आणि रथ सावरून धरला. त्याबद्दल राजाने दोन वर दिले, आणि पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊकच आहे. वाल्मीकींच्या रामायणात खिळीची गोष्ट नाही. तिथे कैकेयी जखमी राजाला रणातून बाहेर काढते. पण आपल्या कीर्तनकारांनी घरोघर नेली ती खिळीचीच गोष्ट. का बरे? कारण ऐकणारा श्रोता गाडीवाला होता. खीळ निघाली म्हणजे काय होते, हे त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. लोखंडाच्या बाबतीत आपला प्रदेश मागासलेला होता असे कुणी समजू नये. नागपूर जिल्ह्यात नैकुंद येथे १९७७ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तेथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा धरतात. जवळच्या माहुरझरीला शिळावर्तुळांत लोखंडी हत्यारे आणि घोड्यांचे साज निघाले. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भातला कारागीर दगडातून लोखंड काढीत होता आणि त्याला आकार देत होता.

पुढे गावगाड्यात या कारागिराला बलुतेदाराचे स्थान मिळाले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली गावाच्या कारभारावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘गावगाडा’ आहे. गावाला गाड्याची उपमा सुचावी, यातच सगळे आले. आपल्या वऱ्हाडात लोहाराला खाती म्हणतात आणि सुताराला वाढई. बंडीचे चाक हे या दोघांचे मिळून काम. वाढई लाकूड पारखून घ्यायचा. तुंब्याला बाभूळ, आसाला धावड्यासारखे चिवट लाकूड, वरच्या साटीला सागवान. तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पुठ्ठे चढवायचे, की लाकडी चाक तयार झाले. मग खात्याची पाळी. तो लोखंडी पट्टीची धाव वळवायचा, आणि ती चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवायचा. गोवऱ्यांच्या जाळात धाव लालबुंद तापवली की ती फुगते. मग चिमट्यांनी धरून ती चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. चर्रर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो आणि धाव आकसून सगळे सांधे एकजीव करते. एकही खिळा न मारता अख्खे चाक आवळले जाते! तापले म्हणजे लोखंड प्रसरण पावते, हा धडा शिक्षक आज वर्गात शिकवतात. आमच्या खात्याने तो पुस्तक न पाहता वापरला.

शेवटी आस, आणि आसाच्या टोकाला आडवी खीळ. तिला कुठे कुणी असेही म्हणतात. खीळ लोखंडाची, बोटभर जाडीची. आत वंगण. एरंडेलात भिजवलेल्या चिंध्या तुंब्यात कोंबायच्या, आणि वंगणाचा बांबूचा नळा गाडीखाली टांगून ठेवायचा. त्यावरूनच तर आपल्याकडे म्हण पडली, ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’. यात्रा गाड्याला घडते, नळा उगीच बरोबर जातो, असा तिचा अर्थ. पण खरे सांगायचे तर नळ्यावाचून गाड्याचीही यात्रा पुरी होत नाही.

जुना गाडीवान बैल जुंपण्यापूर्वी काय करीत असे, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. तो दोन्ही चाकांना फेरी घालायचा. खिळीला हात लावून पाहायचा. चाक दोन्ही हातांनी धरून हलवायचा. धाव सैल वाटली तर दगडाने ठोकून आवाज ऐकायचा. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते आणि धाव ढिली होते, म्हणून चाके रात्रभर नदीच्या पाण्यात ठेवायचा. लाकूड पाणी पिऊन फुगले की धाव पुन्हा आवळून बसते. या तपासणीला दोन-तीन मिनिटे लागत. तिला कुणी नाव दिले नव्हते. ती बंडी जुंपण्याचाच एक भाग होती.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. बंडी गावोगाव दिसू लागली, ती फार जुनी गोष्ट नाही. दीडदोनशे वर्षांमागे दूरची वाहतूक बंड्यांवर नव्हे, तर बैलांच्या पाठीवर चाले. वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी शेकडो मैल चालून गंगेकाठच्या मिर्झापूरला जात असे, आणि तेथून नावेने कलकत्त्याला. रस्ते नव्हते, म्हणून गाड्या नव्हत्या. ज्या थोड्या होत्या त्या अवजड. दख्खनच्या पठारावर तर भरीव चाकांचे, कुठे कुठे दगडी चाकांचेही गाडे असत आणि ते ओढायला अनेक बैल लागत. सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णी येथे १८३६ च्या सुमारास गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला. एका बैलजोडीने ओढता येईल अशी ती गाडी लोकांना पसंत पडली आणि तिचा प्रसार झाला.

आमच्याकडे मोठा बदल झाला तो कापसाने आणि आगगाडीने. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. यवतमाळहून सुमारे तीस मैलांवर धामणगाव हे स्टेशन झाले. मग हंगामात कापसाच्या बंड्यांची रांग त्या रस्त्याला लागू लागली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद मापाची रेल्वे आली. तिला लोकांनी प्रेमाने शकुंतला म्हटले. आज ती धावत नाही, पण शेतातून जिनापर्यंतचे काम त्या काळीही बंडीचेच राहिले. एवढा माल, एवढा रस्ता आणि रात्रीचा प्रवास. अशा वेळी खीळ हा सर्वांच्या नजरेतला भाग होता. ती निघाली तर मागच्या बंडीवाल्याला दिसे, आणि तो पुढच्याला हाक मारी.

गाडी हेच ज्यांचे घर, अशीही माणसे आपल्या देशात आहेत. गाडिया लोहार हे त्यांचे नाव. १५६८ साली चितोड अकबराच्या हाती पडल्यावर आपले पूर्वज गाव सोडून निघाले, अशी त्यांची परंपरा सांगते. गडावर परत जाणार नाही, घरात राहणार नाही, अशी ती प्रतिज्ञा. सुंदर कोरीव काम केलेली बैलगाडी, तीतच संसार, तीतच भाता आणि ऐरण. गावोगाव फिरून शेतीची अवजारे करून द्यायची, की पुढचे गाव गाठायचे. एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेले. सगळे स्थिरावले असे नाही, पण इतिहासातला तो एक मोठा हृद्य प्रसंग होता. या लोकांच्या दृष्टीने विचार करा. त्यांच्या आसाची खीळ निघाली तर केवळ गाडी मोडत नाही, घर कोसळते. हल्ली परदेशांत मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरे असतात, त्यांची मोठी वर्णने आपण ऐकतो. आपल्याकडे ती शेकडो वर्षे आहेत, फक्त बैल जोडलेली.

आता खिळीच्या जागी नट कसा आला ते पाहू. स्क्रू जुनाच, पण प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने आट्यांचे एक ठरावीक प्रमाण सुचवले, आणि हळूहळू कुठलाही नट त्याच मापाच्या कुठल्याही बोल्टला बसू लागला. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवेचे रबरी टायर काढले. पुढे आपल्या गाडीलाही ते लागले आणि गावच्या भाषेत तिचे नाव ‘डनलॉप गाडी’ पडले. ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या आल्या, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. लाकडी आसाच्या जागी पोलादी अ‍ॅक्सल, वंगणाच्या चिंध्यांच्या जागी बेअरिंग, आणि खिळीच्या जागी चाकाचे नट. दचके सोसायला कमानपाटे आले, आणि ते पाटे अ‍ॅक्सलला बांधून ठेवायला यू आकाराचे बोल्ट.

सोय झाली यात शंका नाही. बैलांचा ताण कमी झाला, ओझे वाढले, वेग वाढला. पण एक फरक नीट समजून घ्या. खीळ निघाली की डोळ्याला दिसते. नट सैल झाला तर दिसत नाही. शिवाय पुष्कळांची समजूत अशी, की चाक बोल्टांवर टांगलेले असते. तसे नाही. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण होते, ते चाकाला धरून ठेवते. दाब गेला की रिम हबवर सरकू लागते, आणि मग बोल्टला आडवे हिसके बसतात. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने प्रयोगाने दाखवून दिले, की आडव्या हिसक्यांनी आवळलेला नटसुद्धा आपोआप मागे फिरतो. एक नट ढिला झाला की त्याचे ओझे शेजाऱ्यावर पडते, मग तोही ढिला होतो. गावात एकाने अंग काढून घेतले की सगळ्यांचेच काम बिघडते ना, तसेच.

नट ढिला का होतो? रिम आणि हब यांच्यामध्ये चिखल, गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला तर पहिल्या काही मैलांत तो दबतो आणि आवळ कमी होतो. ओझे जास्त झाले, रस्ता खड्ड्यांचा असला, तर हिसके वाढतात. नट चुकीच्या जातीचा असला, त्याची निमुळती बाजू रिमकडे नसली, तर तो नीट बसतच नाही. आणि फार जोराने, पान्याला लांब नळी लावून आवळला, तर बोल्ट ताणून कमकुवत होतो. म्हणून फार सैल नको आणि फार ताठही नको.

आता तपासायचे कसे, ते थोडक्यात सांगतो. चाक बदलले किंवा पंक्चर काढले, की नट समोरासमोरचे, एकाआड एक आवळावेत. एका बाजूने ओळीने आवळू नयेत. बनवणाऱ्याने जेवढा आवळ सांगितला असेल तेवढाच ठेवावा. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर ते सगळे पुन्हा एकदा तपासावेत. रोज निघण्यापूर्वी प्रत्येक चाकाला फेरी घालावी. नटाभोवती गंजाचे ताजे ओघळ दिसले, किंवा रिमच्या भोकाशी धातू घासून चकचकीत झाला असला, तर समजावे की काहीतरी हलते आहे. भोक गोल न राहता लांबट झाले असेल तर ती रिम वापरू नये. पाट्यांखाली पाहावे. यू बोल्ट ढिले असले तर मधला बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. मग एक चाक पुढे आणि एक मागे, अशी ट्रॉली तिरपी चालू लागते. पाट्यात तडा आहे का, टोकाची पिन आणि बुश झिजले आहेत का, तेही पाहावे. हातोडीने हलकेच ठोकले तर घट्ट भाग खणखणतो, ढिला किंवा तडकलेला भाग बद्द वाजतो. रेल्वेच्या फलाटावर गाडी थांबली असता चाकांवर हातोडी ठोकीत जाणारा माणूस आपण पाहिला असेल. तो गाडीची प्रकृती कानाने पाहत असतो. आमचा खातीही तेच करीत होता.

असे वाटेल, की हे खेड्यातले जुने विचार. मोठ्या देशांत यंत्रेच सगळे पाहतात. म्हणून एक घटना सांगतो. ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे या गावाजवळ ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आगगाडीला अपघात झाला. त्या गाडीच्या चाकाला रबराच्या थरावर बसवलेली पोलादी धाव होती. आपल्या बंडीच्या धावेची ती दूरची बहीणच म्हणा. फिरून फिरून त्या धावेला तडा गेला, ती तुटली आणि तिचा तुकडा डब्याच्या तळातून वर आला. एका प्रवाशाने ते पाहिले आणि जाऊन गाडीतल्या कर्मचाऱ्याला सांगितले. नियमाप्रमाणे त्याला आधी स्वतः जाऊन पाहायचे होते. तेवढ्यात गाडी रुळावरून घसरली आणि एका पुलावर आदळली. १०१ माणसे मेली. ज्याने पाहिले, त्याने गाडी थांबवली नाही. ज्याला अधिकार होता, त्याने पाहिले नव्हते. इतिहासाच्या अभ्यासकाला या दोन वाक्यांत पुष्कळ मोठी राज्ये बुडालेली दिसतात.

आपल्याकडेही हीच गाठ पडते. बंडीच्या काळी गाडी ज्याची, तपासणीही त्याचीच. घरमालक, गाडीवान आणि प्रवासी बहुधा एकच माणूस. आज ट्रॉली एकाची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, चालक तिसरा, आणि मागे उभ्या असलेल्या बाया चौथ्याच. मालक म्हणतो, चालक पाहील. चालक म्हणतो, गराजवाल्याने पाहिले असेल. गराजवाला म्हणतो, माझ्याकडे आणलीच नाही. आणि ज्यांचा जीव टांगलेला, त्या बायांना विचारण्याचीही सोय नसते. मजुरी जाईल ही भीती असते. मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवू नयेत, हा सरळ नियम आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु भरलेली कापसाची ट्रॉली जरी असली, तरी तिचे निसटलेले चाक रस्त्यावरच्या सायकलवाल्या पोराला ओळखत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. धाव चढवण्याचे उदाहरण विज्ञानाच्या तासाला सांगा. गावात अजून जुनी बंडी उभी असेल, तर मुलांना तेथे न्या. तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव, आस, खीळ ही नावे त्यांच्या तोंडी बसवा. शब्द गेले की त्यांच्याबरोबर पाहण्याची नजरही जाते. मग त्याच मुलांना ट्रॉलीपाशी न्या आणि विचारा, इथे खिळीचे काम कोण करतो? ज्या मुलाला हे उत्तर सापडेल, तो घरी जाऊन बापाला नट दाखवल्यावाचून राहणार नाही.

आणि शेतकरी मंडळींना एवढेच सांगायचे, की पोळ्याला आपण बैलांची खांदेमळणी करतो, खंडेनवमीला अवजारांची पूजा करतो. ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीलाही हार घालतो. हार जरूर घाला. पण त्या दिवशी हळदकुंकवाच्या ताटात एक पाना असू द्या. चाकाला कुंकू लावण्यापूर्वी पान्याने एकेक नट पाहा, यू बोल्ट पाहा, आणि मग नमस्कार करा. पुढे वर्षभर निघताना पान्याचा हात फिरत राहिला, तर गाडी, माल आणि माणसे सुखरूप घरी येतील. दशरथाच्या रथाला कैकेयीचा हात मिळाला म्हणून तो सावरला. आपल्या ट्रॉलीच्या मागे कुणी कैकेयी बसलेली नसते. बसलेली असते ती आपल्याच गावची मायबहीण. तिचा हात चाकात जाण्याची वेळ येऊ नये, एवढे काम तरी पान्याला करू द्यावे.